रुसलेली मोटार

ज्या मुलुखांत रात्रंदिवस नवीं वाहनें कारखान्यांच्या दारांतून बाहेर पडत असतात, त्याच मुलुखांत एखादी जुनी मोटार अंगणांत मख्खपणें उभी राहावी आणि कांहीं केल्या तिनें सुरू होऊं नये, ही गोष्ट नदीकांठच्या घरांत घागर कोरडी पडण्यासारखी आहे. तळवड्यावरून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यानें केव्हांहि जा. लांबलचक ट्रेलरांवर दोन दोन मजले करून बसविलेल्या कोऱ्या मोटारी वरातीला निघाल्यासारख्या चाललेल्या दिसतात. त्यांच्यामागें खोळंबून राहणें हा तर आम्हां पिंपरी-चिंचवडकरांचा नित्यनेम आहे. अशा ठिकाणीं राहून "आमची गाडी सुरू होत नाहीं" असें चारचौघांत सांगतांना मनुष्यास थोडी लाजच वाटते.

लाजेपेक्षां मोठें संकट म्हणजे उपदेश. आमच्या समाजांत आजारी मनुष्य, परीक्षेंत नापास झालेला विद्यार्थी आणि बंद पडलेल्या मोटारीचा मालक यांस उपदेश करण्याचा हक्क प्रत्येकास जन्मतःच प्राप्त झालेला असतो. त्यांतहि पहिल्या दोघांच्या बाबतींत लोक थोडा संकोच करतात. मोटारीचें बॉनेट उघडें दिसलें कीं मात्र फिरायला निघालेला अनोळखी गृहस्थहि फाटकाशीं थबकतो, मान आंत घालतो आणि "पेट्रोल आहे ना?" असें विचारतो.

आमची गाडी १९९५ सालच्या जूनमधील. ती आमच्या वडिलांनीं घेतली. तिच्या कुळाचें नांव आम्ही येथें सांगत नाहीं. तीस वर्षें इमानानें चाकरी केलेल्या म्हाताऱ्याचें दुखणें सांगतांना त्याच्या घराण्याचा उद्धार करणें बरें नव्हे, आणि जें झालें त्यांत घराण्याचा दोष मुळींच नव्हता. तिला कार्ब्युरेटर आहे, चोकची मूठ आहे, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट आहेत, आणि संगणक नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी परिवहन कार्यालयांत नेऊन दाखवावी लागते आणि ती रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असा दाखला मिळवावा लागतो. या नव्या नोंदणीचें शुल्क पूर्वीं ६०० रुपये होतें, तें १ एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झालें. जुन्या गाड्या लोकांनीं आपण होऊन मोडींत काढाव्या हा त्यामागील हेतु उघड आहे, आणि हवेचा विचार केला तर तो वाईट म्हणतां येणार नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें आमच्या गाडीची ही पाळी चौथ्यांदां आली. तारीख सोमवारची मिळाली. आणि आदल्या गुरुवारीं सकाळीं गाडीनें किल्ली फिरवितांच केवळ "टक्" असा एक आवाज केला व ती गप्प बसली.

वडील आदल्या दिवाळीनंतर गेले. त्यांच्यामागें ही पहिलीच तपासणी. आईनें निकाल तेथल्या तेथें देऊन टाकला. "सोमवारीं ती आपल्या पायांनीं गेली तर गेली. नाहीं तर भंगारवाल्याला बोलवा. दारांत मढें ठेवायचें नाहीं." आई निष्ठुर आहे असें वाचकांनीं समजूं नये. तीस वर्षें प्रत्येक रविवारची सकाळ तिनें बॉनेटखालून बाहेर आलेल्या दोन पायांशीं बोलण्यांत घालविली आहे; त्या पायांवांचून ती गाडी रोज डोळ्यांसमोर दिसणें तिला जड जात होतें. इकडे गाडीच्या खणांत वडिलांची वही होती. प्रत्येक वेळीं भरलेलें पेट्रोल, त्या दिवशींचा भाव, काट्यावरचे किलोमीटर, सर्व त्यांच्या बारीक अक्षरांत. शेवटच्या नोंदीखालीं अर्धें पान कोरें आहे. गाडी भंगारांत गेली तर वहीचें काय करायचें, हा प्रश्न कोणींच उच्चारला नाहीं.

शेजाऱ्यांचे निदान दुपारपर्यंत येऊन दाखल झालें. एकांच्या मतें पहिल्या पावसाचें पाणी प्लगांत शिरलें होतें. दुसऱ्यांनीं सरळ सरकारासच आरोपी केलें. पेट्रोलमध्यें हल्लीं वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, तें जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या खातें, तेव्हां गाडी बंद पडणारच! बॅटरीच्या दुकानांतून एक गृहस्थ आले. त्यांनीं बॅटरीची टोकें पाहिलीं न पाहिलीं तोंच नवी बॅटरी घेण्याचा सल्ला दिला. शुक्रवारीं भोसरीहून गॅरेजमधला मुलगा आला. मुलगा मोठा गुणी. आय. टी. आय. झालेला, हात स्वच्छ ठेवणारा, आणि मुख्य म्हणजे न समजलेल्या गोष्टीस न समजलेली म्हणणारा. त्यानें आपलें तपासणीचें यंत्र बाहेर काढलें आणि स्टिअरिंगखालीं वांकून तो बराच वेळ कांहीं तरी शोधीत राहिला. आतांच्या गाड्यांना तेथें एक खोबण असते. तींत यंत्राची तार खोंवली कीं गाडी आपलें दुखणें आंकड्यांत सांगते. आमच्या गाडीस ती खोबण नाहीं हें कळल्यावर, एखाद्या डॉक्टरास रोग्याची नाडीच सांपडूं नये तसा त्याचा चेहरा झाला. "साहेब, सेल्फ जळला असेल, उतरवून बघतों," तो म्हणाला. सेल्फ म्हणजे गाडी सुरू करून देणारी विजेची मोटर; ती उतरवावयाची तर दिवस मोडतो, आणि जळली नसेल तर तो दिवस फुकट जातो.

या वेळीं आईनेंच मामांचें नांव काढलें.

आमचे थोरले मामा १९७० च्या सुमारास टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागले आणि तेहेतीस वर्षांनीं तेथूनच निवृत्त झाले. आजच्या वाचकास पिंपरी म्हणजे एक अखंड नगर दिसतें, पण हें सारें एका आयुष्याच्या आंतलें आहे. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; त्यानंतरच्या दशकांत आकुर्डीस बजाजच्या स्कुटरी होऊं लागल्या, आणि मग टेल्को आली. सुमंत मुळगांवकरांनीं यंत्रें बसविण्याच्या अगोदर त्या उजाड माळावर झाडें लावण्यास प्रारंभ केला, ही हकीकत मामा आजहि अशा रीतीनें सांगतात कीं ऐकणारास तीं रोपें मामांनींच वाहिलीं असावींत असें वाटावें. पुढें १९९४ सालीं निघालेल्या 'सुमो' गाडीचें नांव मुळगांवकरांच्याच नांवाच्या व आडनांवाच्या आद्याक्षरांवरून पडलें. आणि १९९८ च्या अखेरीस 'इंडिका' लोकांपुढें आली ती याच पिंपरीची. मामा इंजिनें तपासून पाहण्याच्या विभागांत होते. दिवसभर इंजिनांचा आवाज ऐकावयाचा आणि कोणतें निरोगी व कोणतें आजारी हें सांगावयाचें, असें तें काम. घरीं आल्यावर त्यांना भांडणाचा आवाज ऐकूं येत नसे, परंतु शेजारच्या पंख्याचें बेअरिंग गेलेलें ऐकूं येई.

निवृत्तीनंतर पहिलीं कांहीं वर्षें लोक त्यांना बोलावीत. मग गाड्या बदलल्या. त्यांचा नातू चाकणच्या एका कारखान्यांत विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कामावर आहे. त्याच्या बोलण्यांतले शब्द मामांना कळत नाहींत आणि मामांचे त्याला. मधुमेहानें मामांची दृष्टि आतां इतकी मंद झाली आहे कीं वर्तमानपत्राचे मथळेसुद्धां दुसऱ्यानें वाचून दाखवावे लागतात. चिंचवडच्या घरीं गॅलरींत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखणें, हा त्यांचा दिनक्रम. आम्हीं त्यांस आणावयास गेलों तेव्हां मामी हळूच म्हणाल्या, "त्यांना दिसत नाहीं म्हणून त्यांच्यासमोर हळहळूं नका. काम आहे म्हणून सांगा."

शनिवारीं सकाळीं मामा आले. कोणत्याहि पान्यास त्यांनीं हात लावला नाहीं. खुर्चीवर बसून चहा घेतला आणि प्रश्न विचारण्यास आरंभ केला. इंजिन फिरतें पण पेट घेत नाहीं, कीं फिरतच नाहीं? फिरतच नाहीं. "मग पेट्रोलला आणि प्लगला कशाला बोल लावतां? अजून तिथपर्यंत गाडी पोंचलीच नाहीं. विस्तव पेटला नाहीं तर चुलीला विचारावें. इथें चुलीपाशीं कोणी गेलेंच नाहीं." इथेनॉलवाले गृहस्थ फाटकाशींच उभे होते, ते थोडे बाजूस झाले.

येथें आम्हांस एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बंद पडलेल्या गाडीचे दोन स्वतंत्र रोग असतात आणि नव्वद टक्के उपदेश ते एकत्र कालविल्यामुळें वायां जातो, असें आमचें मत आहे. (हा नव्वदाचा आंकडा आमच्या संतापाचा आहे, मोजणीचा नव्हे.) इंजिन फिरतें परंतु पेट घेत नाहीं, त्या वेळीं ठिणगी आणि इंधन यांची चौकशी करावी. उन्हाळ्यांत पेट्रोलची नळी तापून आंत वाफ धरते, तेव्हां पंपावर ओलें फडकें टाकून झाडाखालीं थांबावें. हा उपाय पद्मिनी आणि अँबॅसिडर यांच्या पिढीनें घाटाघाटांत केलेला आहे. परंतु इंजिन फिरतच नाहीं, तेव्हां प्रश्न फक्त विजेच्या वाटेचा असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि सेल्फपासून परत बॅटरीपर्यंत. ही परतीची वाट लोक विसरतात.

मामांनीं गॅरेजच्या मुलास सांगितलें, "बाळा, समोरचे दिवे लाव, भिंतीवर उजेड पडूं दे. आतां किल्ली फिरव. उजेड काय करतो तें मला सांग."

हा प्रयोग इतका साधा आहे कीं तो विस्तारानें सांगण्यासारखा आहे. दिव्याच्या एका बल्बास पांचएक अँपिअर वीज पुरते. सेल्फला इंजिन हलवावयाचें म्हणजे शेंदीडशें लागते. तेव्हां किल्ली फिरवितांच दिवे हळूहळू मंदावले तर बॅटरी उतरलेली. एकदम विझले तर बॅटरीच्या टोकांपाशीं जोड सैल, किंवा तेथें तो पांढरा-हिरवा क्षार चढलेला. आणि दिवे जसेच्या तसे राहिले, तर बॅटरी निर्दोष. सेल्फनें वीज मागितलीच नाहीं किंवा त्याला ती मिळालीच नाहीं. मुलानें किल्ली फिरविली. "टक्." भिंतीवरचा उजेड किंचित् लवला आणि पुन्हां पूर्ववत् झाला.

"बॅटरी सुटली," मामा म्हणाले. निर्दोष म्हणून सुटली, असा अर्थ.

मग ते उठले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपाशीं आले आणि म्हणाले, "चार-पांच वेळां लागोपाठ फिरव." मुलगा फिरवीत राहिला, आणि मामांनीं दोन्ही हात इंजिनावरून असे फिरविले कीं जणूं तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवीत आहेत. बॅटरीच्या जाड तारा, त्यांचीं टोकें, सेल्फची तार, सर्व थंड. मग कार्ब्युरेटरकडे जाणारी चोकची बारीक केबल हातास लागली, आणि मामांनीं हात झटकन् मागें घेतला. त्यांच्या तोंडावर हंसूं आलें. "कुणाला जळकट वास आला होता कां?"

आई ओट्यावरून म्हणाली, "गुरुवारपासून येतोय. विचारलें कोणी?"

झालें होतें तें असें. इंजिन हें रबराच्या उशांवर बसविलेलें असतें, नाहीं तर त्याची थरथर साऱ्या गाडीस लागेल. परंतु रबर वीज नेत नाहीं. म्हणून इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी लावलेली असते. सेल्फमधून गेलेली वीज त्या पट्टीनें अंगांत उतरते आणि अंगावरून बॅटरीस परत मिळते. तीस पावसाळ्यांत ही पट्टी आंतून कुजली होती. मोठी वाट बंद झाल्यावर विजेनें आडवाट धरली, म्हणजे चोकच्या केबलमधील बारीक पोलादी तार. त्या पाऊलवाटेनें शेंदीडशें अँपिअरची फौज कशी जाणार? सेल्फचा खटका ओढण्यापुरती वीज गेली, म्हणून "टक्" झालें. सेल्फ फिरविण्यास ती पुरली नाहीं, आणि बिचारी तार मात्र भाजून निघाली. ठिणगीस वीज थोडीच लागते. तेव्हां गाडी ढकलून सुरू केली असती तर ती कदाचित् सुरूहि झाली असती, आणि खरा रोग तसाच झांकून राहिला असता.

निदान झालें तरी मामा पुरावा मागणारे. बॅटरीस बॅटरी जोडण्याच्या जाड तारा मुलाकडे होत्या. त्यांतील एकीचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास आणि दुसरें थेट इंजिनाच्या लोखंडास लावावयास सांगितलें. किल्ली फिरविली. इंजिन पहिल्याच फेऱ्यास पेटलें. मामा मान किंचित् कलती करून तें ऐकत राहिले. "तिसऱ्या नळीचा व्हॉल्व्ह जरा ढिला आहे," ते म्हणाले, "पण राहूं दे." आई ओट्यावरून उठून आंत निघून गेली ती बराच वेळ बाहेर आली नाहीं.

मुलानें खालीं शिरून पट्टी काढून आणली. वरून ती धडधाकट दिसत होती. हातानें वांकवितांच मोडली आणि आंतून हिरवी पूड पडली. त्यानें ती कागदाच्या पुडींत बांधून खिशांत ठेवली. मग मामांच्या पायांशीं बसून त्यानें दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला, आणि त्याच्या गॅरेजांतून दोनदां फोन आला तरी तो उठला नाहीं. जुन्या गाड्या नव्यांपेक्षां चांगल्या होत्या असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. त्या जास्त पेट्रोल खातात, जास्त धूर सोडतात आणि अपघातांत माणसाचें रक्षण कमी करतात. १९१२ सालीं केटरिंगनें बनविलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅकला बसविण्यांत आला आणि लोखंडी दांडा फिरवून हात मोडून घेण्याच्या आपत्तींतून मनुष्यजात सुटूं लागली, तेव्हांहि दांड्याच्या काळाचे गोडवे गाणारे निघालेच असतील. तरीपण नव्या गाडीस प्रश्न विचारतां येत नाहीं, ती फक्त उत्तर सांगते. आणि मामांना जें येत होतें तें प्रश्न विचारणें होतें. तें पुढें कोणास उपयोगी पडेल हें आम्हांस सांगतां येत नाहीं. चाकणचा नातू त्या दिवशीं संध्याकाळीं आजोबांना न्यावयास आला. मामांनीं परतीच्या वाटेची गोष्ट त्याला सांगितली, तेव्हां तो म्हणाला कीं त्यांच्याकडेहि जोड सैल राहिला तर हाच घोंटाळा होतो. दोघे त्यावर मोशीच्या चौकापर्यंत बोलत गेले असें नंतर कळलें. चिंचवडची वाट मोशीवरून जात नाहीं, हें येथें नमूद करतों.

पट्टी आणावयाची होती. पूर्वीं असली वस्तु चिखलीच्या कुदळवाडींतील भंगारांत हमखास मिळे. परंतु २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तेथील अनधिकृत गोदामें पाडून टाकलीं, तेव्हां तो मार्ग खुंटला. आम्ही पुण्यास नाना पेठेंत गेलों. सुट्या भागांच्या त्या दुकानांतून काय मिळणार नाहीं हें सांगणें कठीण. पट्टीस एका जेवणाच्या थाळीपेक्षां कमी पैसे पडले.

सोमवारीं गाडी आपल्या पायांनीं गेली. अधिकाऱ्यानें सांगाड्यावरचा क्रमांक ताडून पाहिला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धुराचा दाखला पाहिला. वहींत नवी नोंद आम्हींच केली, वडिलांच्या अक्षराखालीं दोन ओळी सोडून. पुढची पाळी २०३० सालीं.

एक काम मात्र राहिलें होतें. भाजलेली चोकची केबल नाना पेठेंतहि मिळाली नाहीं. मामांनीं सायकलच्या ब्रेकची तार घालावयास सांगितली, आणि भोसरीच्या मुलानें ती बेताची कापून घातली. आतां मूठ ओढतांना हाताला थोडा जोर लागतो, आणि ती पूर्ण आंत बसण्यासाठीं वर एक टिचकी मारावी लागते. मूळची केबल मिळाली तर मामांना ती हवीच आहे; नाना पेठेंतल्या दुकानदारानें आमचें नांव लिहून ठेवलें आहे.